बावीस जणांचा डबा : गर्दीचा हिशेब कुर्डुवाडीमार्गे

रेल्वेतली गर्दी म्हटलं की आपल्याला मुंबईची लोकल आठवते. पण गर्दीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न जुना आहे. तो पाहायला आपण कुर्डुवाडीला जाऊ.

मुंबई-मद्रास मार्गावरचं हे जंक्शन. जुनं नाव बार्शी रोड. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली इथून सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली. एका आसावर पाच टनांहून जास्त भार नाही, हे तिचं सूत्र. त्यामुळे हलके रूळ चालले आणि खर्च वाचला. मोठ्या गाडीनं आलेले यात्रेकरू इथं उतरून छोट्या गाडीत बसायचे. आता बघा, रोजच्या माणसांपुरती बेतलेली गाडी, आणि आषाढीला येणारा लोंढा! चार दिवसांच्या यात्रेसाठी वर्षभर जादा डबे कोण बाळगून ठेवील?

कायदा काय म्हणत होता? १८९० च्या रेल्वे कायद्यानं प्रत्येक डब्यात किती माणसं बसतील तो आकडा ठरवून डब्यावर लिहिणं बंधनकारक केलं. पण त्याच कायद्यात असंही होतं की, तिकीट दिलं जाईल ते गाडीत जागा असेल या अटीवर. म्हणजे डब्याला मर्यादा, तिकीट खिडकीला नाही! आकडा पाळायचं ओझं शेवटी प्रवाशांवरच पडलं.

१९१७ साली गांधीजींनी तिसऱ्या वर्गानं मुंबई ते मद्रास प्रवास केला, तो याच मार्गानं. तिकीट तेरा रुपये नऊ आणे. डब्यावर आकडा बावीसचा, तोही फक्त बसण्यापुरता. प्रवास मात्र दोन रात्रींचा. पुण्यापर्यंत आकडा टिकला, कारण आतले दांडगे प्रवासी बाहेरच्यांना येऊ देत नव्हते. रायचूरनंतर माणसं पस्तिसावर गेली. हे सगळं त्यांनी वर्तमानपत्रांना कळवलं.

यातली खरी गोष्ट लक्षात घ्या. नियम होता, पण तो राबवत होते दारातले दांडगे. आज लोकलच्या दारात जी भांडणं होतात, ती याच व्यवस्थेची पुढची पिढी. तिकीट आणि पास अमर्याद, जागा मोजकी. तेव्हा दारात अडवणाऱ्याला दोष देण्याआधी विचारू या, जेवढी तिकिटं विकली तेवढ्या जागेची सोय कोणी करायची होती?