फोर बाय फोर जीपचा पुढचा अ‍ॅक्सल शाफ्ट का तुटतो आणि नवा कसा बसवतात?

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं मोडनिंब पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. महामार्गावर गुळगुळीत डांबर आणि गाव सोडून आत वळलं की काळी माती. उजनीच्या पाण्यामुळे या भागात ऊस वाढला, त्यामुळे भर पावसातही शेतापर्यंत गाडी नेण्याची गरज असते. अशा ठिकाणी फोर बाय फोर जीप ही हौस नसून कामाची वस्तू ठरते.

पण हीच जीप चिखलात अडकते, चालक स्टिअरिंग पूर्ण वळवून रेस देतो आणि पुढून 'खट्ट' असा आवाज येतो. बऱ्याचदा हा आवाज पुढचा अ‍ॅक्सल शाफ्ट किंवा त्यावरचा क्रॉस तुटल्याचा असतो.

अ‍ॅक्सल शाफ्ट म्हणजे नेमकं काय?

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये आणि तिथून पुढच्या डिफरन्शियलमध्ये येते. डिफरन्शियलपासून चाकापर्यंत ती ताकद नेणारा पोलादी दांडा म्हणजे अ‍ॅक्सल शाफ्ट. त्याच्या टोकांना दातेरी खाचा असतात, त्यांना स्प्लाइन म्हणतात.

मागचं चाक वळत नाही, म्हणून मागचा शाफ्ट सरळ असतो. पुढचं चाक फिरतंही आणि वळतंही. त्यामुळे पुढचा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मधे एक सांधा असतो. जुन्या जीपमध्ये बहुधा हा सांधा क्रॉसचा असतो. त्याच्या चार टोकांवर सुईसारख्या बारीक रोलरच्या बेअरिंगच्या टोप्या बसतात.

भारतात या गाड्यांची परंपरा जुनी आहे. महिंद्रा कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे एमएम ५४० आणि मेजरसारख्या जीपमध्येही पुढे अखंड, म्हणजे सॉलिड अ‍ॅक्सल राहिला. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीचाही पुढचा अ‍ॅक्सल सॉलिडच. २०१० मध्ये आलेल्या महिंद्रा थारला मात्र पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे क्रॉसऐवजी रबरी बूट घातलेले सीव्ही जॉइंट असतात. या लेखातली कृती मुख्यतः सॉलिड अ‍ॅक्सलच्या जुन्या जीपसाठी आहे.

शाफ्ट तुटतो कशामुळे?

काळी माती पाणी शोषून फुगते आणि टायरला लोण्यासारखी चिकटते. चाक रुतलं की ते फिरवायला लागणारी ताकद वाढते. त्यात स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असेल तर सांधा मोठ्या कोनात असतो.

क्रॉसच्या सांध्याची एक मर्यादा आहे. कोनात फिरताना त्याचा बाहेरचा भाग एका फेऱ्यात दोनदा वेगाने आणि दोनदा हळू फिरतो. कोन ३० अंशांचा असेल तर बाहेरचा वेग आतल्या वेगाच्या सुमारे ८७ टक्के ते ११५ टक्के असा हेलकावतो. म्हणजे क्रॉसला सतत हिसके बसतात. त्यात घसरणाऱ्या चाकाला अचानक पकड मिळाली की सगळा धक्का शाफ्टवर येतो.

दुसरं कारण डांबरी रस्ता. या जीपच्या फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये वेग जुळवणारं डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात. मातीत चाक थोडं घसरून हा फरक निघून जातो, डांबरावर तो शाफ्टमध्ये पिळ्यासारखा साठतो. म्हणून शेतातून महामार्गावर आलं की लिव्हर टू व्हीलवर आणणं गरजेचं असतं.

तुटलाय हे कसं ओळखायचं?

लक्षणं साधी आहेत: वळताना कटकट आवाज, स्टिअरिंगला हिसके, किंवा फोर व्हील टाकूनही पुढची चाकं न ओढणं. साध्या डिफरन्शियलमध्ये एक शाफ्ट तुटला की दुसऱ्या चाकालाही ताकद मिळत नाही.

खात्री करायला मागच्या चाकांना ठोकळे लावून, इंजिन बंद ठेवून पुढचा भाग स्टँडवर घ्यावा. फोर व्हील टाकावं आणि फ्री व्हीलिंग हब असतील तर लॉक करावेत. आता पुढचं एक चाक हाताने फिरवलं की दुसरं उलट दिशेने फिरायला हवं. फिरलं नाही तर कुठेतरी जोड तुटलेला आहे.

जुना शाफ्ट काढताना

१. गाडी सपाट, टणक जागेवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये, अ‍ॅक्सलखाली भक्कम स्टँड हवेतच. शेताच्या ओल्या मातीत हे काम करू नये.

२. चाक काढावं. मग फ्री व्हीलिंग हब किंवा ड्राइव्ह फ्लँज आणि शाफ्टच्या टोकाचं लॉक काढावं.

३. बाहेरचा नट, लॉक वायसर आणि आतला नट या क्रमाने काढून ड्रम व बेअरिंगसह हब ओढून घ्यावा. जुन्या ब्रेक लायनरची धूळ हवा मारून उडवू नये, तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसावी.

४. ब्रेकची प्लेट आणि स्पिंडल धरणारे बोल्ट काढावेत. प्लेट तारेने वर बांधावी. ती होजवर लोंबकळू दिली तर होज खराब होतो.

५. स्पिंडल काढला की शाफ्ट सरळ रेषेत बाहेर येतो. आतला तुकडा नळीत राहिला तर लांब चुंबकाने काढता येतो. डिफरन्शियलमध्ये धातूचे तुकडे गेल्याची शंका असेल तर झाकण उघडून ते काढावेत, जुनं तेल टाकून द्यावं. राहिलेला एक तुकडा क्राऊन-पिनियनचे दात खाऊ शकतो आणि दुरुस्तीचा खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

नवा शाफ्ट बसवताना

१. आधी जुना आणि नवा शेजारी ठेवून लांबी, जाडी आणि स्प्लाइनची संख्या जुळवावी. या जीपमध्ये डिफरन्शियल बरोबर मध्यभागी नसतं, म्हणून डावा आणि उजवा शाफ्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. दुकानात ही चूक सहज होते.

२. क्रॉस सगळ्या दिशांनी मोकळा फिरतो का, ढिला नाही ना आणि चारही लॉक खाचेत बसले आहेत का ते पाहावं. लॉक निसटलं तर टोपी बाहेर येऊन सांधा पुन्हा तुटतो.

३. अ‍ॅक्सलच्या नळीतलं ऑइल सील याच वेळी बदलावं. सील कमी खर्चाचं असतं, पण फक्त त्याच्यासाठी नंतर सगळं पुन्हा खोलावं लागतं. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावावं. स्पिंडलमधला बुशही तपासावा.

४. शाफ्ट हाताने आधार देत सरळ आत न्यावा. तो खाली टेकला तर स्प्लाइनने सील कापलं जातं. टोक डिफरन्शियलच्या गिअरपाशी आलं की थोडं फिरवावं, दात जुळले की शाफ्ट आत सरकतो. हातोडीने ठोकू नये.

५. स्पिंडल आणि ब्रेक प्लेट लावून बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. किती आवळायचं तो आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्यावा.

६. चाकाची बेअरिंग धुऊन, वाळवून नवं ग्रीस भरावं. हब फिरवत फिरवत आतला नट आवळावा आणि मॅन्युअलप्रमाणे थोडा मागे घ्यावा. फार आवळला तर बेअरिंग तापून जळतं, ढिला राहिला तर चाक हलतं. मग लॉक वायसर, बाहेरचा नट आणि शेवटी हब किंवा फ्लँज.

रस्त्यावर आणण्याआधी

गाडी स्टँडवर असतानाच स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून चाक हाताने फिरवावं. कुठे अडकता किंवा घासता कामा नये. डिफरन्शियलच्या तेलाची पातळी बघावी, बंद नकल असेल तर त्यात मॅन्युअलप्रमाणे ग्रीस किंवा तेल भरावं. ब्रेक अ‍ॅडजस्ट करून हळू वेगात तपासावा. काही किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळावेत आणि हब हाताला जास्त गरम लागत नाही ना ते पाहावं.

शेतातच तुटला तर घरी कसं यायचं?

टू व्हीलवर घेऊन हब फ्री केले की पुढचा शाफ्ट फिरत नाही. पण तुटलेला तुकडा नकलमध्ये अडकला तर स्टिअरिंग जाम होऊ शकतं. म्हणून महामार्गावर येण्याआधी शाफ्ट काढून घेणं किंवा गाडी ओढून नेणं सुरक्षित. जुन्या जीपमध्ये चाकाचा भार स्पिंडलवर असतो, त्यामुळे शाफ्ट काढूनही स्पिंडल आणि हब पुन्हा नीट बसवले की चाक जागेवर राहतं. अनेक नव्या गाड्यांत मात्र शाफ्टचा नटच बेअरिंग घट्ट धरून ठेवतो. तिथे शाफ्ट काढून गाडी चालवणं धोक्याचं आहे.

शाफ्ट वाचवण्याचा उपाय स्वस्त आहे. गाडी रुतली की आधी स्टिअरिंग सरळ करावं, चाकाखाली पाचट किंवा दगड टाकावेत आणि लो गिअरमध्ये हळूहळू बाहेर पडावं. एवढं केलं तर बऱ्याच वेळा पाना हातात घ्यावाच लागत नाही.