आधी जीव वाचू दे, मग बघू

आजचा भाग जरा घरातला आहे.

माझ्या मावसबहिणीला २०१५ साली, चोविसाव्या वर्षी, हॉजकिन लिम्फोमा झाला. केमो झाली, ताई बरी झाली, आम्ही पेढे वाटले. पाच वर्षांनी, लग्नानंतरच्या तपासण्यांत कळलं की तिच्या अंडाशयात बीजं जवळपास उरलेलीच नाहीत. ती एवढंच म्हणाली, "कुणी आधी विचारलं असतं, तर मी काहीतरी ठरवलं असतं ना?" म्हणून मी शोधायला बसलो. तेव्हा विचारण्यासारखं काही होतं का?

होतं. बराच आधीपासून.

मुलगी जन्माला येतानाच बीजांचा साठा घेऊन येते, पुढे त्यात भर पडत नाही. सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधं कॅन्सरसोबत हा साठाही मारतात. हे औषध अमेरिकेत १९५९ साली मान्य झालं. पुरुषांसाठी वाट त्याआधीच निघाली होती. गोठवलेल्या शुक्राणूंपासून १९५३ मध्ये गर्भधारणा झाली होती. स्त्रीबीज मात्र अडून बसलं, ते पाण्यामुळे. बीज ही भली मोठी, पाण्याने भरलेली पेशी. गोठवताना आत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशीची आतली रचनाच मोडते.

मग भ्रूण गोठवायचा? कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी १९७८ साली सांगितलं की गोठवलेल्या भ्रूणापासून मूल जन्मलंय. सरकारी समितीने विश्वास ठेवला नाही. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत केईएममध्ये १९८६ साली जन्मलेल्या टेस्ट ट्यूब बेबीमागचे शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार. त्यांनीच १९९७ मध्ये मुखोपाध्यायांच्या नोंदी वाचून पहिला मान त्यांना दिला. असो. भ्रूणासाठी शुक्राणूही लागतात. लग्न न झालेल्या चोवीस वर्षांच्या मुलीने काय करायचं?

ऑस्ट्रेलियात ख्रिस्तोफर चेन यांनी १९८६ मध्ये गोठवलेल्या बीजापासून जुळी जन्माला आल्याचं जाहीर केलं. तरी यश फार कमी होतं. कोडं सुटलं ते व्हिट्रिफिकेशनने. हळूहळू थंड करण्याऐवजी इतकं झटकन गोठवायचं की स्फटिक व्हायला वेळच मिळू नये, पाणी काचेसारखं घट्ट व्हावं. जपानच्या मासाशिगे कुवायामांनी २००० नंतरच्या दशकात ही पद्धत रोजच्या वापरात आणली. २०१२ साली अमेरिकेतल्या प्रजनन तज्ज्ञांच्या संस्थेने बीज गोठवण्यावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला.

दुसरी वाट बेल्जियमची. १९९७ मध्ये हॉजकिनच्याच एका तरुणीच्या अंडाशयाच्या पट्ट्या केमोआधी काढून गोठवल्या. २००३ मध्ये डॉ. जाक दोनेझ यांनी त्या परत बसवल्या आणि २००४ मध्ये तिला मुलगी झाली. बीज जुन्या अंडाशयातलंच असेल, अशी शंका काहींनी काढली. पण नंतर जगभरात अशी शंभराहून जास्त बाळं जन्मली.

म्हणजे ताईचाच आजार, आणि अठरा वर्षं आधी!

अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्येच लिहून ठेवलंय की उपचाराआधी पेशंटशी याबद्दल बोला. आमच्याकडे कुणी बोललं नाही. डॉक्टर नाही, आणि खरं सांगायचं तर घरचेही नाही. मावशी म्हणायची, "आधी जीव वाचू दे, मग बघू." चूक नव्हती ती. ल्युकेमियासारख्या आजारात खरंच थांबायला वेळ नसतो, आणि खर्च सगळ्यांना झेपणारा नाही. पण बीजं काढायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि पुष्कळदा निदान ते पहिली केमो यात तेवढे दिवस असतात. ऑफिसमध्ये साधा डेटाबेस हलवायचा तरी आम्ही आधी बॅकअप घेतो.

तुमच्या घरात कुणावर ही वेळ आली, तर पहिल्या केमोच्या आधी डॉक्टरांना विचारा: "हिला पुढे मूल हवं असेल, तर आत्ता काय करता येईल?" आणि हिला म्हणजे तिलाही विचारा.

हा भाग ताईने आधी ऐकलाय. नाव तिनेच सुचवलं. भेटू पुढच्या भागात.