बनारसी साडीचे खाते आणि क्लाउडवरील डेटाबेस

वाराणसी : बनारसी साडीच्या घाऊक व्यापारात उधारीला मोठे स्थान आहे. विणकराला दिलेले रेशीम व जर, त्याच्या मजुरीचा हिशेब, बाहेरगावच्या दुकानदारांकडील येणे, हे सारे गद्दीवरच्या वहीत लिहिले जाई. वही गेली तर येणे सिद्ध करणेच अवघड होते. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या वस्त्राची विक्री आता ऑनलाइनही होते. त्यामुळे वहीची जागा डेटाबेसने घेतली, तरी हा धोका टळलेला नाही.

व्यवस्थापित डेटाबेस म्हणजे माहितीसाठा चालविण्याचे काम सेवा कंपनीकडे सोपविणे. सर्व्हर, सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्त्या व रोजचा बॅकअप ती पाहते. ग्राहक वापरानुसार शुल्क देतो. ॲमेझॉनची आरडीएस ही सेवा २००९ पासून उपलब्ध आहे. भारतात मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत, तर गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आणि २०२१ मध्ये दिल्ली परिसरात डेटा सेंटर विभाग सुरू केले. वाराणसीत या तिघांपैकी कोणाचाही असा विभाग नाही. साहजिकच काशीतील गद्दीचे खाते बहुधा मुंबई, पुणे किंवा दिल्लीत राहते. अंतर फारसे जाणवत नाही, मात्र बिलिंगचे सॉफ्टवेअर एका शहरात आणि डेटाबेस दुसऱ्या शहरात ठेवल्यास प्रत्येक नोंदीमागे विलंब साचत जातो.

खरी गफलत बॅकअपविषयी होते. आरडीएसमध्ये स्वयंचलित बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस राहतो. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेब मात्र वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. ही दरी सेवा कंपनी आपणहून भरून काढत नाही. त्यासाठी वेगळी प्रत काढून ठेवावी लागते. दुसऱ्या केंद्रात सतत अद्ययावत राहणारी जोडप्रत घेतली की काम झाले, हाही गैरसमजच आहे. यंत्र बिघडले तर ती उपयोगी पडते. कर्मचाऱ्याने चुकून येणेबाकीची नोंद पुसली, तर ती जोडप्रतीतूनही तत्क्षणी पुसली जाते. अशा वेळी पूर्वीच्या क्षणाची स्थिती परत आणण्याची सोय कामी येते, आणि ती आधी एकदा वापरून पाहिलेली असणे इष्ट.

कंपनी म्हणून नोंदणी झालेल्या व्यवसायांवर आणखी एक बंधन आहे. इलेक्ट्रॉनिक हिशेबांची प्रत भारतातील सर्व्हरवर ठेवावी लागते आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती दररोज घ्यावी लागते. डेटाबेस कोणत्या विभागात आहे, हे त्यामुळे करार करतानाच पाहावे लागते. पासवर्ड कोणाकडे, नोकरी सोडलेल्याचा प्रवेश बंद केला का, हे प्रश्नही ग्राहकाचेच राहतात.

खर्चाचे गणित लग्नसराईत आणि मंदीत सारखे नसते. मंदीच्या काळात डेटाबेस थांबविला, तरी साठवणुकीचे शुल्क चालूच राहते. आरडीएसमध्ये तर थांबविलेला डेटाबेस सात दिवसांनी आपोआप सुरू होतो. पुढे सेवा बदलायची असल्यास पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएलसारख्या मुक्त प्रणालीतील माहिती तुलनेने सहज हलविता येते. एकाच कंपनीच्या खास प्रणालीत ठेवलेले खाते बाहेर काढताना बहुतेक वेळा सॉफ्टवेअरही नव्याने लिहावे लागते.