अनटिल, बाय द टाइम की अ‍ॅज लाँग अ‍ॅज? ‘पर्यंत’चं इंग्रजी करताना होणारी गडबड

‘आजी होती तोपर्यंत आम्ही दर दिवाळीला गावी जायचो.’ हे वाक्य फेसबुकवर इंग्रजीत टाकायचं आहे. पटकन सुचतं ते असं: अनटिल माय ग्रँडमदर वॉज अलाइव्ह, वी वेंट टू द व्हिलेज एव्हरी दिवाली. वाचणारा भावना समजून घेतो, पण वाक्याचा अर्थ भलताच झालेला असतो : आजी जिवंत ‘होईपर्यंत’ आम्ही गावी जायचो, ती जिवंत झाली आणि आमचं जाणं थांबलं!

चूक व्याकरण न येण्याची नाही. आपला ‘पर्यंत’ एकटाच तीन-चार कामं करतो आणि इंग्रजीत त्या प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे, एवढीच अडचण आहे.

अनटिल एखाद्या घटनेकडे बोट दाखवतं. ती घटना घडली की आधी चाललेली गोष्ट थांबते. वी वेटेड अनटिल द रेन स्टॉप्ड, म्हणजे पाऊस थांबेपर्यंत आम्ही थांबलो. अ‍ॅज लाँग अ‍ॅज घटनेकडे नाही, तर चालू असलेल्या स्थितीकडे बोट दाखवतं. ती स्थिती आहे तोवर दुसरी गोष्टही चालू. म्हणून आजीच्या वाक्यात हवं : अ‍ॅज लाँग अ‍ॅज माय ग्रँडमदर वॉज अलाइव्ह. अनटिलच वापरायचं असेल तर अनटिल माय ग्रँडमदर डाइड असं म्हणावं लागेल. (अ‍ॅज लाँग अ‍ॅजचा ‘या अटीवर’ असाही अर्थ होतो. हेल्मेट घालणार असशील तर बाइक ने, हे त्यातच सांगतात.)

नाही कुठे गेलं?

सगळ्यात जास्त पाय घसरतो तो इथे. ‘जोपर्यंत डॉक्टर सांगत नाहीत, तोपर्यंत गोळ्या बंद करू नका.’ मराठीत दोन नकार आहेत, म्हणून इंग्रजीतही दोन येतात : डोन्ट स्टॉप द टॅब्लेट्स अनटिल द डॉक्टर डझन्ट टेल यू. आपल्याकडे असं इंग्रजी इतकं कानावर पडतं की ते खटकतही नाही. पण परदेशातला सहकारी किंवा नातेवाईक ते वाचून गोंधळतो. डॉक्टरांनी सांगायचं की नाही सांगायचं? बरोबर वाक्य : डोन्ट स्टॉप द टॅब्लेट्स अनटिल द डॉक्टर टेल्स यू टू.

यावर उपाय मराठीतच आहे. ‘जोपर्यंत सांगत नाहीत तोपर्यंत’ हेच आपण ‘सांगेपर्यंत’ असंही म्हणतो. ‘येत नाही तोपर्यंत’ म्हणजे ‘येईपर्यंत’, ‘मिळत नाहीत तोपर्यंत’ म्हणजे ‘मिळेपर्यंत’. अर्थ तोच, ‘नाही’ मात्र गळून पडलं. आधी मनात हे रूप करा आणि मग इंग्रजीकडे वळा. एक अपवाद ध्यानात ठेवा : ‘असेपर्यंत’ आलं, की बहुतेक वेळा अ‍ॅज लाँग अ‍ॅज लागतं.

अनलेसलाही हाच नियम. त्या शब्दाच्या पोटातच ‘नाही’ आहे, त्यामुळे पुढे डझन्ट किंवा डोन्ट जोडायचं नाही. फरक इतकाच की अनलेस वेळ सांगत नाही, अट सांगतं.

थांबलो की निघून गेलो?

आता ही दोन वाक्यं पाहा. ‘तो येईपर्यंत मी थांबलो.’ ‘तो येईपर्यंत मी निघून गेलो होतो.’ मराठीत दोन्हीकडे ‘येईपर्यंत’. पण पहिल्यात थांबणं तो येण्याच्या क्षणापर्यंत चालू राहिलं, तिथे अनटिल. दुसऱ्यात माझं जाणं त्याआधीच आटोपलं होतं, तिथे बाय द टाइम : बाय द टाइम ही केम, आय हॅड लेफ्ट. भविष्यातलं असेल तर : बाय द टाइम यू रीच द स्टेशन, द ट्रेन विल हॅव लेफ्ट. ‘तू पोचशील’ मनात असतं म्हणून आपण यू विल रीच लिहितो, पण या शब्दांच्या लगेच पुढच्या भागात विल येत नाही. अनटिलचंही तसंच. आय विल वेट अनटिल यू कम, यू विल कम नव्हे.

वार-तारखांच्या बाबतीतही हीच कसोटी, फक्त तिथे नुसतं बाय पुरतं. दुकान ९ वाजेपर्यंत उघडं, तर टिल नाइन. फॉर्म ३१ तारखेपर्यंत भरा, तर बाय द थर्टी-फर्स्ट. साहेबांना ‘आय विल वर्क ऑन द रिपोर्ट टिल फ्रायडे’ असं कळवलंत, तर शुक्रवारपर्यंत काम करीन, मग पुरं होवो न होवो, असा अर्थ निघतो. शुक्रवारी रिपोर्ट हातात पडेल असं म्हणायचं असेल, तर आय विल फिनिश द रिपोर्ट बाय फ्रायडे.

टिल आणि अनटिल यांच्या अर्थात फरक नाही. टिल हे अनटिलचं तोडलेलं रूप आहे असं अनेकांना वाटतं. खरं तर टिल जास्त जुना शब्द. स्पेलिंगमध्ये टिलला दोन एल आणि अनटिलला एकच.

रजेच्या मेलमध्ये मात्र अनटिल जपून वापरा. ऑन लीव्ह अनटिल मंडे म्हटलं, तर सोमवारी तुम्ही कामावर असाल की नाही? दोन्ही अर्थ लावणारे लोक भेटतात. अमेरिकन इंग्रजीत त्यासाठी थ्रू आहे, थ्रू मंडे म्हणजे सोमवार धरून. पण आपल्याकडे ते फारसं रुळलेलं नाही. त्यापेक्षा बॅक ऑन ट्यूजडे असं सरळ लिहिलेलं बरं.