रिकामा चौकोन काय सांगतो?

आज एका चौकोनाचा इतिहास. ऑनलाइन फॉर्मच्या तळाशी ‘मला मान्य आहे’ याच्या शेजारी असतो ना, तोच चेकबॉक्स.

नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल २.० चे नियम प्रसिद्ध झाले, त्यांत हा आहे. वागणं मात्र विचित्र. खूण केली तर तशी माहिती सर्व्हरकडे जाते. खूण नसेल तर ‘नाही’ जात नाही, काहीच जात नाही! माणसाने नकार दिला की फॉर्मवर तो प्रश्नच नव्हता, हे पलीकडे कळायचं कसं? वायरलेसवर उत्तर आलं नाही, तर निरोप पोहोचला असं आम्ही फौजेत कधीच धरलं नाही. प्रोग्रामरांनी यावर तोड काढली. चौकोनाच्या आधी त्याच नावाचा एक अदृश्य रकाना ठेवायचा, त्यात शून्य. खूण नसली तर निदान शून्य तरी पोहोचतं. रुबी ऑन रेल्समध्ये ही सोय तयारच मिळते.

त्याच नियमांत ‘चेक्ड’ हा शब्दही होता. तो लिहिला की पान उघडतानाच चौकोनात खूण. खरा घोळ इथला.

डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने एअरटेल आणि एअरटेल पेमेंट्स बँक यांची आधारवरून ग्राहकांची ओळख पडताळण्याची परवानगी तात्पुरती थांबवली. सिमच्या पडताळणीला आलेल्या लोकांची बँकखाती त्यांना नीट कळू न देता उघडली, गॅसचं अनुदानही तिकडे वळलं, असा आक्षेप होता. अ‍ॅपमधल्या आधीच खूण केलेल्या चौकोनाचाही त्यात उल्लेख होता.

त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता. मूळ याचिका २०१२ ची, आमच्या बंगळुरूचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची. वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. आधारचं तांत्रिक काम बंगळुरूत आणि त्याला आव्हान देणाराही बंगळुरूचाच, याची मला मोठी गंमत वाटते.

१ ऑक्टोबर २०१९ ला युरोपच्या न्यायालयाने आधीच केलेली खूण म्हणजे संमती नव्हे, असा निकाल दिला. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही संमतीसाठी माणसाची स्वतःची स्पष्ट कृती मागितली. वाद झाला तर ती घेतल्याचं सिद्ध करायचं कंपनीने. म्हणजे फॉर्म बनवणाऱ्याने ‘चेक्ड’ काढायचं आणि कोणत्या मजकुरावर, कधी खूण झाली तेही नोंदवून ठेवायचं. दिलेली संमती परत घेणंही तितकंच सोपं हवं, असं त्यात आहे. तो परतीचा चौकोन मात्र बऱ्याच अ‍ॅपमध्ये मला अजून चष्मा लावून शोधावा लागतो.