एका हाताचा सैनिक आणि जळता झेंडा



पंधरा ऑगस्टला झेंडा वर जाताना आपण हातातलं काम टाकून उभ्या राहतो. तोच झेंडा कुणी भर रस्त्यात जाळला तर? आपल्याकडे १९७१च्या कायद्यानं त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अमेरिकेत यावरून मोठा वाद झाला. त्या वादातल्या एका जुन्या सैनिकाची, डॅनियल इनोये यांची, गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

इनोये हवाई बेटांवरचे, जपानी वंशाचे. डिसेंबर १९४१मध्ये जपाननं पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. जखमींना मलमपट्टी करायला धावले. पण चेहरा जपानी म्हणजे शत्रूच, असा तो काळ. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अशा सुमारे १,२०,००० माणसांना, बायकापोरांसकट, घरंदारं सोडायला लावून छावण्यांत डांबलं. त्यातले बहुतेक जन्मानं अमेरिकेचेच नागरिक होते!

१९४३मध्ये सैन्यानं या तरुणांना दार उघडलं आणि इनोये भरती झाले. एप्रिल १९४५, इटलीतली लढाई. हातबॉम्ब फेकायला उजवा हात वर केला आणि तोच हात शत्रूच्या माऱ्यात चिंधड्या झाला. निकामी मुठीतला बॉम्ब त्यांनी डाव्या हातानं सोडवून फेकला. हात गेला आणि सर्जन व्हायचं स्वप्नही गेलं. घरी परतताना गणवेशातच एका न्हाव्याच्या दुकानात शिरले, तर त्यानं जपानी माणसाचे केस कापणार नाही म्हणून परत पाठवलं. पुढे ते वकिली शिकले आणि हवाईतून सिनेटवर, म्हणजे आपल्या राज्यसभेसारख्या सभागृहात, निवडून गेले.

इकडे १९८४मध्ये डॅलस शहरात एका निदर्शकानं झेंडा जाळला. त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. १९८९मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द केली : निषेध म्हणून झेंडा जाळणं हेही एक बोलणंच आहे, त्यासाठी तुरुंग नाही. संसदेनं नवा कायदा केला, तोही १९९०मध्ये न्यायालयात टिकला नाही. मग राज्यघटनाच बदलायची मागणी जोर धरू लागली.

माजी सैनिकांची मोठी संघटना अमेरिकन लीजन बंदीच्या बाजूनं होती. व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून जास्त कैद भोगलेले जॉन मॅककेनही त्याच बाजूचे. त्यांचा राग खोटा म्हणता येणार नाही. इनोये यांनाही झेंडा जळताना पाहून वेदनाच होत. पण प्रत्येकाला आपलं म्हणणं मांडता यावं यासाठीच सैनिकांनी प्राण दिले, असं ते मानत.

आणखी एक गंमत. अमेरिकेत फाटलेला, विटलेला झेंडा मानानं जाळूनच निरोप द्यावा असा संकेत आहे. लीजनचे लोक स्वतः तसे समारंभ करतात. जाळणं तेच, फरक फक्त मनातल्या भावनेचा. मग कायदा शिक्षा देणार ती कशाला, आगीला की मनातल्या रागाला? ग्रामसभेत ‘बाई, खाली बसा’ ऐकलेल्या आपल्याला हा प्रश्न परका वाटू नये, असं आम्हाला वाटतं.

जून २००६मध्ये सिनेटमध्ये मतदान झालं. शंभरातली सदुसष्ट मतं हवी होती, पडली सहासष्ट. विरोधातल्या चौतीस मतांत एक इनोये यांचं होतं.