उखळ, मुसळ आणि निखळलेला खांदा

१/ सुश्रुतसंहितेत सांध्यांचे ८ प्रकार सांगितले आहेत. खांदा व खुबा दोन्ही ‘उलूखल’, म्हणजे उखळासारखे.

२/ मात्र खुब्याचे उखळ खोल, तर खांद्याचे बशीइतके उथळ. दंडाच्या हाडाचे गोल डोके त्यात जेमतेम टेकते. त्याला स्नायू व अस्थिबंध सावरतात. म्हणूनच हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत खांदाच सर्वाधिक निखळतो.

३/ चिकित्सास्थानाच्या ३ऱ्या अध्यायातील उपाय असा : काखेत मुसळ देऊन खांदा उचलावा, सांधा बसताच फुलीसारखा ‘स्वस्तिक’ बंध बांधावा.

४/ ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटसच्या नावावरील सांध्यांविषयीच्या ग्रंथातही काखेत मुसळ देण्याची रीत आहे. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात कष्टकऱ्याचा हात वाचला, तो घरातल्याच मुसळाने.